नैराश्याची गोळी आणि गरोदर सुनेचा रक्तदाब : एका चुकलेल्या हिशेबाची दुरुस्ती



बँकेच्या नोकरीत चौतीस वर्षे मी लोकांना शेकडेवारी समजावून सांगितली. व्याजाचा दर ९ टक्क्यांवरून साडेदहा टक्के झाला, तर वाढ दीड टक्क्याची म्हणायची की जवळजवळ १७ टक्क्यांची, हा प्रश्न मी नव्या कारकुनांना हमखास विचारीत असे. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात; टक्केवारी कशावर काढली आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते. असे असूनही तीन वर्षांपूर्वी धाकट्या सुनेच्या गरोदरपणात मी नेमका हाच हिशेब चुकलो आणि त्या चुकीची किंमत तिला मोजावी लागली. हा लेख तिच्या परवानगीने, किंबहुना तिच्याच सांगण्यावरून लिहीत आहे.

आमचे कुटुंब हिंगणघाटचे. सुनेचे माहेर यवतमाळचे. पहिल्या बाळंतपणानंतर सात-आठ महिन्यांनी तिची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, तान्ह्या मुलाकडे ती परक्यासारखी पाहू लागली. प्रारंभी आम्ही त्याला अशक्तपणा समजलो. शेवटी मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले आणि सर्ट्रालिन नावाची गोळी सुरू केली. दोन-अडीच महिन्यांत ती पूर्ववत झाली. दुकानाच्या जीएसटीचे विवरणही पुन्हा तीच भरू लागली. गोळी चालूच होती. पुढे दुसऱ्या वेळी दिवस राहिले.

तिसरा महिना असताना एका नातेवाइकाने माझ्या मोबाइलवर एक बातमी पाठवली. गर्भवतीने नैराश्याचे औषध घेतल्यास रक्तदाबाचा धोका ५३ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा आशय होता. ती वाचून माझ्या हाताला कंप सुटला, त्यास कारण होते. १९७४ साली माझी थोरली बहीण पहिलटकरीण असताना गेली. आर्वी तालुक्यातील आमच्या खेड्यात तिच्या पायांना आणि चेहऱ्याला सूज आली होती, डोके दुखत होते. दिवस भरत आले की असे व्हायचेच, असे सारे म्हणाले. श्रावणातल्या एका रात्री तिला झटके आले. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तेव्हाही होते, परंतु मधल्या नाल्याला पूर होता. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. रक्तदाब हा शब्द आमच्या घरात त्यानंतर आला.

ती बातमी मी मुलाला दाखवली आणि म्हणालो, "गोळी आजपासून बंद." बाबूजींचा शब्द म्हणून कोणी काही विचारले नाही. सुनेनेही नाही.

आठव्या दिवसापासून

पहिल्या आठवड्यात तिला चक्कर येऊ लागली. डोक्यातून विजेची कळ गेल्यासारखे वाटते, असे ती म्हणे. आम्ही ते गरोदरपणाच्या खाती टाकले. तिसऱ्या आठवड्यात ती न्हाणीघरात नळ सोडून बसून राहू लागली. एके दिवशी ती सासूला म्हणाली, "आई, हे बाळ माझ्याकडे यायला नको होतं." सौ.ने ते मला सांगितले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. सकाळी आम्ही वर्ध्याच्या वाटेला लागलो.

आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे, की येथे वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालये आहेत. डॉ. सुशीला नायर यांनी १९४५ साली सेवाग्रामला स्त्रिया व मुलांसाठी सुरू केलेल्या रुग्णालयातून १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. पुढे सावंगी (मेघे) येथेही वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अशा ठिकाणी स्त्रीरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, आणि आमच्या प्रश्नाला दोन्हींची गरज होती. ज्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला तपासले, त्यांनी मला मोबाइलवरची बातमी दाखवायला सांगितली, ती शांतपणे वाचली आणि विचारले, "आपण बँकेत होता ना? मग हे ५३ टक्के कशाचे, हे का नाही विचारलेत?"

पुढे जे लिहितो आहे, ते त्या भेटीत व नंतरच्या भेटींत समजून घेतलेले आणि स्वतः वाचून पडताळलेले आहे. हा वैद्यकीय सल्ला नव्हे; सल्ला डॉक्टरांचाच घ्यावा.

रक्तदाब वाढतो तो कसा

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, आणि तोही काही तासांच्या अंतराने दोनदा भरला, तर त्यास गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब म्हणतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट यांवर परिणाम दिसू लागला, तर ती अवस्था अधिक गंभीर. तिला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तिच्यातूनच पुढे झटके येऊ शकतात. १६०/११० हा आकडा दिसला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

या विकाराचे मूळ बहुधा वारेत असते. निरोगी गरोदरपणात वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या चांगल्या रुंदावतात. काही स्त्रियांत त्या पुरेशा रुंदावत नाहीत. वारेला रक्त कमी पडते, तिच्यातून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. आता नैराश्याची औषधे मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्यावर काम करतात, आणि सेरोटोनिनचा रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाशीही संबंध आहे. म्हणून संशोधकांना शंका आली. शंका रास्त होती. तिचे उत्तर किती मोठे, एवढाच प्रश्न होता.

दीडपट, परंतु कशाच्या?

मी वाचलेली बातमी कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या २०१२ सालच्या अभ्यासावर आधारलेली होती. त्यात गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या १,२१६ स्त्रिया घेतल्या आणि प्रत्येकीमागे रक्तदाब न वाढलेल्या दहा जणी तुलनेस ठेवल्या. रक्तदाब वाढलेल्यांपैकी शेकडा ३.७ जणींनी नैराश्याचे औषध घेतले होते. न वाढलेल्यांपैकी शेकडा २.५ जणींनी. इतर कारणांचा हिशेब वजा केल्यावर धोका सुमारे दीडपट निघाला. बातमीतले ५३ टक्के ते हेच.

समजा, शंभर गर्भवतींमध्ये सहा जणींचा रक्तदाब वाढतो. सहाच्या दीडपट नऊ. म्हणजे शंभरांत तीन जणींची भर पडली आणि एक्क्याण्णव जणींना काहीच झाले नाही. ५३ टक्के वाचून मी समजलो होतो, की दर दोन सुनांमागे एकीचा जीव धोक्यात आहे. शंभरांत तीन हा आकडा मी क्षुल्लक म्हणणार नाही. ज्या घरातली ती तिसरी, त्या घराला तो शंभर टक्केच. परंतु निर्णय घेताना समोर खरा आकडा असावा, भेदरवणारा नव्हे.

त्याआधी २००९ साली बोस्टनच्या संशोधकांनी ५,७३१ मातांच्या माहितीवरून केलेला अभ्यास याहून चिंताजनक होता. औषध न घेणाऱ्यांत शेकडा ९ जणींचा, पहिल्या तीन महिन्यांत औषध सोडलेल्यांत शेकडा १३ जणींचा, तर पुढेही चालू ठेवलेल्यांत शेकडा २६ जणींचा रक्तदाब वाढलेला आढळला. हे वाचून कोणीही म्हणेल, मग सोडलेलेच बरे.

सारख्याची तुलना सारख्याशी

डॉक्टरीणबाईंचा दुसरा प्रश्न येथे कामास येतो. त्या म्हणाल्या, "गोळी चालू ठेवणारी आणि गोळी न लागणारी, या दोघी सारख्या आहेत का?" नाहीत. जिचा आजार अधिक तीव्र, तिचीच गोळी शेवटपर्यंत चालते. मग रक्तदाब गोळीने वाढला की आजाराने? २००० साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे ६२३ पहिलटकरणींचा अभ्यास झाला. गरोदरपणाच्या आरंभी ज्यांना नैराश्याची लक्षणे होती, त्यांच्यात प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका सुमारे अडीचपट आढळला. म्हणजे नैराश्य हा आजारच रक्तदाबाशी नाते राखून आहे.

कर्जाच्या अर्जांची छाननी करताना कापसाच्या व्यापाऱ्याचा ताळेबंद आम्ही किराणा दुकानदाराच्या ताळेबंदाशी ताडून पाहत नसू. तोच न्याय लावून अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली सरकारी विमा योजनेतील एक लाखाहून अधिक गर्भवतींची माहिती घेतली, आणि त्या साऱ्या जणींना नैराश्य होते. त्यांच्यापैकी सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन या वर्गातली औषधे घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांत प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. मात्र व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन या वर्गात आणि अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या वर्गात धोका दीडपटीच्या आसपास होता. व्हेनलाफॅक्सिन अधिक मात्रेत घेतल्यास गरोदर नसलेल्यांचाही रक्तदाब वाढू शकतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. नैराश्याच्या सर्व गोळ्या एका पंक्तीला बसवता येत नाहीत. कोणती गोळी, किती मात्रा, कितवा महिना, हे पाहावे लागते. आणि म्हणूनच योग्य वेळ दिवस राहण्यापूर्वीची. त्या वेळी डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास औषध बदलता येते. मनाच्या इतर आजारांवरचे व्हॅल्प्रोएट तर गर्भास निश्चितपणे घातक आहे. ते घेणाऱ्या मुलीने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांना भेटणे अनिवार्य समजावे. पॅरोक्सेटिनही गर्भारपणात शक्यतो टाळतात.

गोळी थांबवण्याचा खर्च

मी मांडलेल्या हिशेबात गोळी घेण्याचा धोका होता. न घेण्याचा रकानाच नव्हता. २००६ साली अमेरिकेत २०१ गर्भवतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या साऱ्यांना पूर्वी तीव्र नैराश्य येऊन गेले होते व औषधाने त्या बऱ्या होत्या. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी शेकडा २६ जणींना, तर औषध सोडणाऱ्यांपैकी शेकडा ६८ जणींना गरोदरपणातच नैराश्य पुन्हा आले. पुढील काही अभ्यासांत एवढी तफावत दिसली नाही; आजार सौम्य असेल तर डॉक्टर समुपदेशनाच्या आधारे गोळी हळूहळू कमीही करतात. परंतु एका सकाळी ती एकदम कपाटात ठेवून देणे, हे कोणत्याही अभ्यासात बसत नाही.

आपल्याकडे गरोदरपणातले नैराश्य विरळा, असाही एक समज आहे. गोव्यात म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या २५२ मातांपैकी ५९ जणींना, म्हणजे जवळजवळ चौघींमागे एकीला, नैराश्य होते. आणि त्यातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक जणी गरोदरपणातच खिन्न होत्या. आपल्या घरांत खाण्यापिण्याची ददात नसते, म्हणून "हिला कमी काय आहे?" असे सहज म्हटले जाते. मीही म्हटले होते. नैराश्यात खाणे, झोप आणि तपासणीच्या तारखा यांचे भान सुटते. आणि टोकाला जीव नकोसा होतो. तो खर्च कोणत्या खात्यात लिहायचा?

रक्तदाबावर आता उपाय आहे

माझ्या बहिणीच्या काळात आणि आजच्यात फरक हा, की गरोदरपणातला रक्तदाब मोजता येतो, आणि वेळीच कळला तर आटोक्यात ठेवता येतो. याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या शेजारच्या नागपुरातला आहे. तेथील दोन सरकारी रुग्णालयांत एप्रिल २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात, रक्तदाब फार वाढलेल्या ८९४ गर्भवतींना निफेडिपिन, लॅबेटालोल आणि मिथिलडोपा यांपैकी एकेक औषध तोंडावाटे दिले गेले. सहा तासांत, काही अपाय न होता रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ८४, ७७ आणि ७६ होते. २०१९ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. सलाइनविना, साध्या गोळ्यांनीही असा रक्तदाब उतरतो, हे वैदर्भीय मातांच्या सहभागातून जगाला कळले. झटक्यांवरही मॅग्नेशियम सल्फेट हे औषध आहे. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील २००२ सालच्या अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. मिथिलडोपा हे गरोदरपणात दीर्घकाळ वापरात असलेले औषध असले, तरी त्याने काहींचे मन उदास होऊ शकते. म्हणून नैराश्याचा इतिहास असलेल्या स्त्रीसाठी डॉक्टर सहसा दुसरे औषध निवडतात. परंतु तो इतिहास स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगितला तरच ना! आपल्या समाजात मनाच्या आजाराची चिठ्ठी फाइलमधून काढून ठेवण्याची पद्धत आहे. पुढे धाकट्या नणंदेचे लग्न जमवायचे असते, म्हणून. ती चिठ्ठी लपवण्याचा धोका असा प्रत्यक्ष आहे.

आमच्या घरी पुढे काय झाले

गोळी पुन्हा सुरू झाली. सुनेला सावरायला सहा आठवडे लागले. डॉक्टरांनी घरातला रक्तदाबाचा इतिहास विचारला, तेव्हा विहीणबाईंकडून कळले, की सुनेच्याच जन्माच्या वेळी त्यांचा रक्तदाब वाढला होता. सोयरीक जुळवताना आम्ही गोत्रे पाहिली, पेढीची पत पाहिली. हे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला असणे, पहिले गरोदरपण, जुळे, मधुमेह, स्थूलता, मूत्रपिंडाचा विकार, ३५ वरचे वय, ही धोका वाढवणारी कारणे आहेत. अशा काही स्त्रियांना डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर अल्प मात्रेत एस्पिरिन देतात. ती मनाने घ्यावयाची नाही.

आणखी एक गोष्ट विचारपूस केल्यावर बाहेर आली. आमच्याकडे चौविहार पाळला जातो. गोळी रात्री झोपताना घ्यायची होती. ती सूर्यास्तापूर्वी घेतली जाई आणि गडबडीत कित्येकदा राहून जाई. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते. सांगताच त्यांनी सकाळी नवकारशीनंतरची वेळ ठरवून दिली. पुढे रक्तदाबाची गोळी लागली, ती मात्र ठरावीक तासांच्या अंतराने घ्यावी लागे. गावात विराजमान साध्वीजींना विचारले, तेव्हा पच्चक्खाणातच आगार ठेवलेले असतात याची त्यांनी आठवण करून दिली. गरोदर स्त्रीने उपवास करावा की नाही, हेही आधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. उपवासाच्या दिवशी औषध परस्पर गाळू नये.

रक्तदाब घरी मोजण्याचे काम मी मागून घेतले. पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला टेका, हात हृदयाच्या पातळीवर, जिना चढून आल्या आल्या नाही, चहानंतर लगेच नाही. सकाळ-संध्याकाळचे आकडे एका लाल वहीत लिहिले. पस्तिसाव्या आठवड्यात १४६/९४ दिसले. अर्ध्या तासाने पुन्हा घेतले, तेवढेच. त्याच दुपारी वर्ध्याला गेलो. लॅबेटालोल सुरू झाले, लघवी व रक्त तपासले, आणि सदतिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर प्रसूती करवण्यात आली. मुलगी झाली, दोन किलो सहाशे ग्रॅम. शेवटच्या महिन्यांत अशी औषधे चालू असल्यास काही बाळे दोन-चार दिवस किरकिरी होतात किंवा जलद श्वास घेतात, म्हणून तिला देखरेखीखाली ठेवले; तिला काही झाले नाही. सर्ट्रालिन चालू असताना सुनेने अंगावर पाजले.

मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "रक्तदाब गोळीनेच वाढला का?" त्या म्हणाल्या, "आईकडून आला असेल, गोळीचा वाटा असेल, किंवा मधल्या महिन्यांच्या हालांचाही असेल. एका बाईपुरते हे कोणीच सांगू शकत नाही. आपण मोजत होतो, म्हणून सापडला."

वाचकांस विनंती

घरात कोणी गर्भवती असेल आणि ती मनाच्या आजाराचे औषध घेत असेल, तर गोळी घरच्या सल्ल्याने बंद करू नये. स्त्रीरोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ, दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात. प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि लघवीची तपासणी झालीच पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य होते. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, चेहऱ्या-हातांवर एकाएकी सूज, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. मन फार खचले असेल, तर टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

आणि माझ्या वयाच्या सासऱ्यांना एक सांगणे. निर्णय घेताना सुनेला विचारावे. त्या दिवशी मी तिला विचारले असते, तर ती काय म्हणाली असती, हे मी पुढे एकदा तिला विचारले. ती म्हणाली, "बाबूजी, मी म्हटलं असतं, आधी डॉक्टरांना फोन करू या."

ती लाल वही मी जपून ठेवली आहे. थोरल्या मुलीला आता चौथा महिना चालू आहे. पहिले पान उलटून पुढच्या पानावर तिचे आकडे लिहायला घेतले आहेत.